अकरावीचे वर्ष आणि आपली जबाबदारी

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या विद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी फलक लागतो. प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे, त्यांचे गुण, संस्थेच्या वतीने अभिनंदन. पालक गावाहून येतात, पेढे वाटले जातात, बुद्धवंदनेनंतर सत्कार होतो. हा आनंद रास्त आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या हाती पाटी आली नाही, त्यांच्या घरात हा फलक म्हणजे एका मोठ्या प्रवासाची नोंद असते. परंतु फलक उतरला की त्याच मुलांच्या आयुष्यात एक विचित्र शांतता सुरू होते. तिचे नाव अकरावी. दहावीला बोर्ड होते, बारावीला बोर्ड असेल, मधले वर्ष विसाव्याचे, असा समज विद्यार्थ्यांत आहे, पालकांत आहे आणि प्रांजळपणे सांगायचे तर आम्हा शिक्षकांतही आहे. 'अकरावी काय, शाळेतच तर आहे,' हे वाक्य आम्ही स्वतः अनेकदा उच्चारले आहे.

या लेखात आम्हांस एकच गोष्ट मांडावयाची आहे. महाविद्यालयीन प्रवेशाची लढाई बारावीच्या निकालानंतर सुरू होत नाही. ती अकरावीतच बहुतांशी जिंकली किंवा हरली जाते. आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही तयारी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणे हा अन्याय आहे. ती विद्यालयाची जबाबदारी आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने बारावी विज्ञान शाखेत उत्तम गुण मिळवले. सामाईक प्रवेश परीक्षेतही तिची कामगिरी चांगली होती. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून तिला एका नामांकित महाविद्यालयात व्यावसायिक अभ्यासक्रमाची जागा मिळाली. मात्र तिच्याजवळ जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. अर्जच मुळी बारावीच्या अखेरीस केला होता, आणि प्रकरणात १९५० पूर्वीचा पुरावा अपुरा म्हणून त्रुटी निघाली. आजोबांचे शिक्षण झाले होते दुसऱ्या तालुक्यातील एका गावी. त्या शाळेचे जुने रजिस्टर शोधून उतारा मिळेपर्यंत दिलेली मुदत संपली. तिचा प्रवेश खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि तेथे तिचा क्रमांक लागला नाही. वैधता प्रमाणपत्र दोन महिन्यांनी हाती आले.

तिचे वडील आमच्यासमोर बसले होते. त्यांनी रागाने काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, "सर, पोरीचे मार्क तर चांगले होते ना? मग अडले कुठे?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर होते, पण ते सांगण्याचे धैर्य नव्हते. मुलीचे गुण कमी पडले नव्हते. ती दोन वर्षे आमच्या वसतिगृहात, आमच्या डोळ्यांसमोर होती. त्या दोन वर्षांत आम्ही तिची प्रत्येक चाचणी तपासली. मात्र तिच्या कागदपत्रांची धारिका एकदाही उघडून पाहिली नाही.

सुशिक्षित, नोकरदार घरातील मुलाला अशा गोष्टी कोणी शिकवत नाही, कारण त्या त्याच्या घरातील हवेतच असतात. कोणता अर्ज केव्हा निघतो, कोणत्या परीक्षेला कोणते विषय लागतात, कोणता दाखला कोठे मिळतो, हे काका, आत्या, शेजारी यांच्या बोलण्यातून त्याच्या कानांवर पडत असते. आमच्या मुलाला हीच माहिती मिळते ती मुदत संपल्यानंतर, आणि तीही सायबर कॅफेत अर्ज भरून देणाऱ्याकडून. निकालपत्रावर दोघांचे गुण सारखे असतील, पण दोघांच्या वाटा सारख्या नसतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. एकेकाळी शाळेचे दारच बंद होते. आज दार उघडे आहे, परंतु दारावर अर्जांचा, दाखल्यांचा आणि मुदतींचा उंबरठा आहे. तो ओलांडण्याची तयारी शिकवणे हा शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे आपण बहुधा अभ्यासाच्या अंगाने पाहतो. अठरा-अठरा तास वाचन, ग्रंथांचे वेड, अपार कष्ट. ते सारे खरेच आहे. परंतु त्याच चरित्राकडे अर्ज आणि शिफारस यांच्या अंगानेही एकदा पाहावे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्तीचा मार्ग मोकळा झाला. एका जाणत्या शिक्षकाने योग्य वेळी योग्य दार ठोठावले होते. १९१२ मध्ये बी.ए., फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन, आणि त्या दुःखातही ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाबरोबर करार. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी त्यात अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

१९१७ चा प्रसंग तर प्रत्येक अकरावीच्या वर्गात सांगितला पाहिजे. लंडनमधील अभ्यास अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतणे भाग पडले. निघण्यापूर्वी बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. मायदेशी अपमान सोसले, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि नवल भथेना या पारशी मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. बुद्धिमत्ता तर होतीच, पण परत येण्याची वाट त्यांनी आधीच मोकळी ठेवली होती. या सावधपणाला आपल्या परंपरेत अप्रमाद म्हणतात. आपण त्याचा उपदेश ध्यानाच्या वर्गात करतो. प्रवेशाच्या कामातही त्याचे आचरण झाले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिले काम कागदपत्रांचे. अकरावीच्या पहिल्या सत्रातच प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव आधारकार्डावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर एकसारखे आहे की नाही ते तपासावे. एके ठिकाणी वडिलांचे नाव 'किसन', दुसरीकडे 'कृष्णा', अशी तफावत आमच्या मुलांत नेहमी आढळते. ती दुरुस्त होण्यास महिने लागतात. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर शिष्यवृत्तीची रक्कम अडते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच लागू होते आणि अनुसूचित जातींसाठी तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. या योजनेचा आरंभ १९४४ मध्ये झाला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. महाडीबीटीवरील हा अर्ज अकरावीच्या मुलाने शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने भरावा. पुढच्या सर्व अर्जांची ती पहिली तालीम ठरते.

दुसरे, जात प्रमाणपत्र आणि वैधता. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा असतो. त्या तारखेस कुटुंब ज्या गावी राहत होते तेथील उपविभागीय अधिकाऱ्याकडून जात प्रमाणपत्र मिळवावे लागते. पोटासाठी मुंबई, पुणे, नाशिक गाठलेल्या कुटुंबांची येथेच धावपळ होते. वडील, काका, आत्या यांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपे होते. नसेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार यांचा शोध घ्यावा लागतो. केंद्रीय संस्थांसाठी प्रमाणपत्राचा नमुना निराळा असतो. राज्यात भटके-विमुक्त म्हणून नोंदलेले बरेच समाज केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात. त्या मुलांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यात काढावे लागते. ही गोष्ट बारावीच्या जूनमध्ये कळून उपयोग नाही.

स्वतःचे मागासपण पुनःपुन्हा कागदाने सिद्ध करण्यात एक सल आहे, हे आम्ही नाकारत नाही. गावाने ज्यांना पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याकडे ते वेशीबाहेर होते याचा पुरावा मागितला जातो. तरीही आम्ही इतिहास शिकवतो आणि या शोधाकडे इतिहासाच्या प्रात्यक्षिकासारखे पाहावे असे आम्हांस वाटते. त्या विद्यार्थिनीच्या प्रसंगानंतर आम्ही अकरावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एकच गृहपाठ देऊ लागलो. आपल्या घराण्याची वंशावळ लिहून आणायची आणि तिच्यातील किमान एका नावाची जुनी नोंद शोधून आणायची. मुले काय काय घेऊन आली! एका मुलाला पणजोबांच्या नावापुढे केवळ दोन इयत्ता आणि 'गैरहजर म्हणून नाव कमी' असा शेरा सापडला. एका घरातील थोरल्या भावाच्या नोंदीत 'महार' आणि धाकट्याच्या नोंदीत 'बौद्ध' असे आढळले. दोघांच्या प्रवेशांच्या मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस येऊन गेला होता. पणजीचे नाव मात्र जवळजवळ कोणालाच कोणत्याही शाळेत सापडले नाही. वर्गात ते सारे वाचून दाखवले तेव्हा धम्मक्रांतीचा धडा आम्हांस निराळा शिकवावा लागला नाही. आणि वैधतेच्या प्रकरणाचा निम्मा पुरावाही त्याच सुट्टीत गोळा झाला.

तिसरे काम अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या निवडीचे. अकरावी विसाव्याची मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की नीट आणि जेईई या दोन्ही परीक्षांना अकरावी व बारावी अशा दोन्ही वर्षांचा अभ्यास असतो. राज्याच्या एमएचटी-सीईटीमध्येही सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. बारावीत येऊन अकरावीचे पुस्तक प्रथमच उघडणाऱ्या मुलाला दोन वर्षांचे ओझे एका वर्षात वाहावे लागते.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांची उपेक्षा याहून मोठी आहे. त्यांनी कसली तयारी करावयाची, असे आपणच गृहीत धरतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा घेतली जाते. ती तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. दिल्ली, हैदराबाद येथील विद्यापीठांत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकण्याची वाट मराठी माध्यमाच्या मुलासाठी अशी उघडी असताना आमच्या किती विद्यार्थ्यांनी तिचे नाव ऐकले आहे? राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा मात्र इंग्रजीतच असते आणि दीर्घ उतारे वाचून उत्तरे द्यावी लागतात. ती क्षमता चार महिन्यांच्या शिकवणीने येत नाही. अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान वाचले तर येते. घटनाकारांचे नाव घेणाऱ्या आपल्या संस्थांतून विधी शाखेकडे जाणारी मुले इतकी थोडी असावीत, याची आम्हांस खंत वाटते.

चौथे काम स्वतःविषयी लिहिण्याचे. देशातील काही खाजगी विद्यापीठे निबंध आणि मुलाखत मागतात. अमेरिकेतील विद्यापीठे तर नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि विद्यार्थ्याने स्वतःवर लिहिलेला निबंध पाहतात. म्हणून तेथे अकरावीचे वर्ष तयारीचे सर्वांत महत्त्वाचे वर्ष मानतात. ज्या देशातील विद्यापीठात बाबासाहेब शिकले तेथे आमच्या वसतिगृहातील एखादी मुलगी अर्ज करू शकेल, ही कल्पना आम्ही हसण्यावारी नेऊ नये. परंतु आमच्या मुलांना 'मी' या शब्दाने सुरू होणारे खरे वाक्य लिहिण्याची सवय नाही. ती दोन प्रकारे चुकतात. काही आपले घर, वस्ती, आईची मजुरी लपवतात. काही तेच दारिद्र्य करुणेसाठी पुढे मांडतात. आम्ही त्यांना सांगतो, तू काय केलेस ते लिही. भोजनगृहाचा हिशेब महिनाभर सांभाळलास, तापाने फणफणलेल्या पाचवीतील मुलाजवळ रात्रभर बसलास, १४ एप्रिलच्या ग्रंथप्रदर्शनाची यादी केलीस. त्यातून तू काय शिकलास तेही लिही. निवासी विद्यालयात वाढलेल्या मुलाकडे अशा लिहिण्याजोग्या गोष्टी इतरांहून अधिकच असतात.

येथे दोष आमचाही आहे. शिफारसपत्र मागितले की आम्ही शिक्षक एकच ठरावीक वाक्य लिहून देतो, 'सदर विद्यार्थी होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' शंभर मुलांना लागू पडणारे वाक्य एकालाही उपयोगी पडत नाही. अकरावीपासून प्रत्येक विद्यार्थ्याविषयी वर्षाकाठी चार ओळी वहीत टिपून ठेवल्या तर बारावीत खरे पत्र लिहिता येईल.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, या साऱ्याने मुलांचे कोवळे वय करपून जाईल आणि विद्यालय हे ज्ञानाचे केंद्र न राहता अर्ज भरण्याचे दुकान होईल. या आक्षेपात तथ्य आहे. सोळा वर्षांच्या मुलाने खेळावे, नाटक करावे, अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक वाचावे असे आम्हांसही वाटते. परंतु मुदत उलटण्याच्या आठवड्यात रात्रभर तहसीलच्या आवारात बसणाऱ्या बापाची आणि रडणाऱ्या मुलीची धास्ती त्याहून अधिक करपवणारी असते. वेळीच आणि वाटून केलेली तयारी मुलाला निश्चिंत करते. लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या खाजगी शिकवणीला मुले पाठवावीत, असेही आमचे म्हणणे नाही. आम्ही सांगतो आहोत ते काम जवळजवळ बिनखर्चाचे आहे.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. अकरावीत मुलाशी एकदा शांतपणे बसून बोला. डॉक्टर आणि इंजिनिअर यांपलीकडेही सन्मानाचे जीवन आहे, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि मुलगी दूरच्या शहरात शिकू इच्छित असेल तर 'मुलीची जात, एवढ्या लांब कशाला' हे शब्द गिळून टाका. मुलगा दिल्लीला जाऊ शकतो आणि मुलगी तालुक्यापुढे जात नाही, तर सावित्रीमाईंच्या प्रतिमेला घातलेला हार व्यर्थ आहे. तिच्या सुरक्षिततेची चिंता योग्यच आहे. त्यासाठी वसतिगृह कोणते, तेथे आपली कोणती माजी विद्यार्थिनी आहे, समाजकल्याणची स्वाधार योजना लागू होते काय, याची चौकशी वर्षभर आधी करता येते. अकरावी त्यासाठीच आहे.

आमची विद्यालयाच्या व्यवस्थापनाकडे विनंती थोडी आहे. एक शिक्षक, आठवड्यातील दोन तासिका आणि एक कपाट. कपाटात अकरावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची धारिका असावी. तिच्या पहिल्या पानावर कोणता कागद आहे, कोणता नाही आणि कोणता अर्ज केव्हा करावयाचा, हे लिहिलेले असावे. पहिल्या सत्रात नावांची दुरुस्ती आणि शिष्यवृत्ती, दिवाळीत जुन्या नोंदींचा शोध, जानेवारीपूर्वी वैधतेचा अर्ज, उन्हाळ्यापूर्वी परीक्षांची निवड, असा साधा क्रम असावा. माजी विद्यार्थ्यांनो, ही स्मरणिका तुमच्या हाती पडेल तेव्हा देणगीच्या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहून द्या. अकरावीतील एका मुलाचे नाव, ज्याला तुम्ही महिन्यातून दोनदा फोन कराल. तुम्ही ज्या महाविद्यालयात शिकलात त्याची खरी माहिती कोणत्याही पुस्तिकेपेक्षा त्याला तुमच्याकडून अधिक मिळेल.

ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तिने पुढे बी.एस्सी. केले, बी.एड. केले आणि ती आज शिक्षिका आहे. तिचे चांगले झाले, असे म्हणून आम्ही स्वतःची सुटका करून घेत नाही. जे तिला शिकावयाचे होते ते तिला शिकता आले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एक दिवस विद्यालयात येते, अकरावीच्या मुलांना ओळीने बसवते आणि त्यांच्या धारिका तपासते. गेल्या वर्षी एका मुलाने सांगितले, "ताई, माझा उतारा अजून मिळाला नाही, पण बारावीला वेळ आहे." तिने त्याची धारिका बंद केली, स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि त्याच्या गावच्या शाळेचे नाव विचारले.